निरंक आणि अप्राप्त

तीन तपे सरकारी चाकरीत काढल्यावर कचेरीतले काही शब्द माणसाच्या बोलण्यात कायमचे मुक्कामाला येतात. आमच्या बाबतीत असे दोन शब्द आहेत : ‘निरंक’ आणि ‘अप्राप्त’. मध्य प्रदेशातील कोणत्याही कचेरीत तक्ता भरताना ते लागतातच. ज्या रकान्यात सांगण्यासारखे काही नाही तेथे ‘निरंक’ लिहायचे. ज्या रकान्याची माहिती खालच्या कार्यालयाकडून आलेलीच नाही तेथे ‘अप्राप्त’. पहिला शब्द सांगतो की विचारले, उत्तर आले आणि ते शून्य आहे. दुसरा सांगतो की उत्तरच आलेले नाही. पण अप्राप्त लिहिले की वरून स्मरणपत्र येते, पुन्हा विचारणा करावी लागते. म्हणून पुष्कळ जण निरंक लिहून मोकळे होतात. आम्हीही एकदा तसेच केले होते. ती हकीकत सांगावी की न सांगावी, या विचारात पस्तीस वर्षे गेली. आज ती सांगण्याचे निमित्त मात्र अगदी नव्या काळाचे आहे : सोयाबीनच्या शेतात उभी असलेली, साबणाच्या डबीएवढी बिनतारी यंत्रे.

आधी जुनी गोष्ट. साल १९९०. नोकरीत येऊन आम्हाला चार वर्षे झाली होती आणि माळव्यातील एका मध्यम धरणावर सहायक यंत्री म्हणून आमची नेमणूक होती. पावसाळ्यात पूर नियंत्रण कक्षातील रात्रपाळी आमच्याकडे असे. धरणाच्या वरच्या अंगाला नदीची पातळी मोजणारी तीन ठाणी होती. प्रत्येक ठाण्यावर एक गेज रीडर, एक बिनतारी संच आणि एक बॅटरी. वरिष्ठांचा एक आदेश होता की पातळी बदलली तरच कळवावे. स्थिर असेल तर संचावर बोलू नये. आदेश मूर्खपणाचा नव्हता. बिनतारी संच ऐकताना जेवढी वीज खातो त्याच्या कितीतरी पट बोलताना खातो, आणि बॅटरी भरून आणायची तर चिखलातून वीस किलोमीटर जावे लागे. काटकसर रास्त होती. पण त्या काटकसरीमुळे शांतता हाच एक निरोप होऊन बसला. ठाणे गप्प आहे, म्हणजे नदी गप्प आहे, असे आम्ही सगळेच धरून चाललो.

गणपतीचे दिवस होते. संध्याकाळपासून पावसाने धरले होते. दोन ठाण्यांनी दहाच्या सुमारास पातळी थोडी वाढल्याचे कळवले. तिसरे ठाणे मोठ्या ओढ्यावरचे. ते गप्प होते. नोंदवहीत दर तासाला तिन्ही ठाण्यांपुढे काहीतरी लिहावेच लागे. तिसऱ्यापुढे आम्ही अकरा वाजता निरंक लिहिले. बारा वाजता निरंक. एक वाजता, दोन वाजता निरंक. चार वेळा आमच्याच हस्ताक्षरात. तीनच्या सुमारास जलाशय अशा वेगाने चढू लागला की दोन ठाण्यांच्या आकड्यांनी त्याचा हिशेब लागेना. मग धावाधाव झाली आणि दरवाजे उचलले गेले. खालच्या गावांत मुनादी फिरवायला वेळ उरला नव्हता. मनुष्यहानी झाली नाही, पण त्याचे श्रेय नशिबाला. नदीकाठी बांधलेली अकरा जनावरे, काही पंप आणि रपट्याचा अर्धा भाग वाहून गेला.

तिसऱ्या दिवशी एक वृद्ध शेतकरी कचेरीत आला. हातात दाव्याचा तुटका तुकडा होता. तो भांडला नाही. बाकावर बसून राहिला आणि उठताना एवढेच म्हणाला, “साब, खबर तो कर देते.”

त्याआधी, दुसऱ्याच दिवशी दुपारी, तिसऱ्या ठाण्याचा गेज रीडर पायी येऊन पोहोचला होता. तो रात्रभर संचावर ओरडत होता. आमचे दुसऱ्या ठाण्यांशी चाललेले बोलणे त्याला स्पष्ट ऐकू येत होते. त्याचे मात्र आमच्यापर्यंत काहीच पोहोचत नव्हते. बॅटरीत ऐकण्यापुरता जीव होता, बोलण्यापुरता नव्हता. “तुम्ही एकदा तरी माझे नाव घेऊन हाक मारली असती,” तो म्हणाला, “आणि मी उत्तर दिले नसते, तर तुम्हाला कळले असते.” खरे होते. त्या रात्री आम्ही त्याला एकदाही हाक मारली नाही.

पुढे चौकशी झाली. नोंदवहीत चार वेळा निरंक असल्यामुळे वरच्या अंगाला पाणी अकस्मात वाढले असा निष्कर्ष निघाला आणि प्रकरण बंद झाले. आमच्या नोंदीने आम्हालाच वाचवले. ती आजही टोचते ती त्याचसाठी.

आता नवी गोष्ट. आमच्या थोरल्या ताईचा मुलगा इंदूरलाच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. २०२२ च्या खरिपात त्याने सांवेरच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या सोयाबीनमध्ये चोवीस यंत्रे बसवली. प्रत्येकात मातीतला ओलावा व तापमान मोजणारा संवेदक, एक लहानसा रेडिओ आणि दोन बॅटऱ्या. दर पंधरा मिनिटांनी यंत्र आपला आकडा शेजारच्या यंत्राला सांगते, शेजारचे त्याच्या शेजाऱ्याला, आणि अशी साखळी विहिरीवरच्या खोलीतील मुख्य पेटीपर्यंत जाते. तेथून मोबाइलच्या सिमकार्डाने आकडे घरच्या संगणकावर. निवृत्त होऊन आम्हाला थोडेच दिवस झाले होते. हाताला काम नव्हते, म्हणून आम्ही त्याच्याबरोबर शेतावर जाऊ लागलो.

ऑगस्टच्या मध्यात एका सकाळी तो संगणकासमोर कपाळाला हात लावून बसला होता. दोन दिवस धो धो पाऊस पडला होता आणि सतरा क्रमांकाच्या यंत्राचा आलेख मात्र सुतासारखा सरळ होता. ओलावा तेवीस टक्के. ना कमी, ना जास्त.

“मामा, हे यंत्र दोन दिवसांपासून बोलतच नाहीये,” तो म्हणाला. “नवा आकडा आला नाही की जुनाच आकडा पुढे ओढायचा, असं या प्रणालीत कुणीतरी लिहून ठेवलंय. म्हणून पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं.”

आम्ही काही बोललो नाही. बत्तीस वर्षांनी आमची नोंदवही आमच्यासमोर पडद्यावर उभी होती. आपण निरंक लिहिले होते; यंत्राने तेवीस लिहिले, एवढाच फरक.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा पाठपुरावा केला आणि ध्यानात आले की जगभरचे विद्वान याच एका प्रश्नाशी वर्षानुवर्षे झुंजत आहेत : जो बोलत नाही, त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही की त्याचा आवाज आपल्यापर्यंत येत नाही, हे ओळखायचे कसे? त्यांनी शोधलेले उपाय ऐकून वाचकांना नवल वाटेल, कारण ते आपल्या आजीलाही सुचले असते.

पहिला उपाय क्रमांकाचा. प्रत्येक निरोपावर क्रमांक घालायचा. एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस आला की बेचाळीस वाटेत हरवला हे कळते. पण हे कळण्यासाठी त्रेचाळीस यावा लागतो. त्यानंतर काहीच आले नाही तर क्रमांक निरुपयोगी. म्हणून दुसरा उपाय : सांगण्यासारखे काही नसले तरी ठरल्या वेळी ‘मी आहे’ एवढे तरी सांगायचे. याला ते हार्टबीट म्हणतात, हृदयाचा ठोका. १९९० च्या आदेशाने नेमका हाच ठोका बंद केला होता.

अडचण तेव्हाचीच आहे, विजेची. २००३ साली या लहान रेडिओंसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्या पिढीतील एक प्रसिद्ध रेडिओ-चिप बोलताना सुमारे साडेसतरा मिलिअँपिअर वीज घेते आणि ऐकताना जवळजवळ एकोणीस. म्हणजे आमच्या जुन्या संचाच्या अगदी उलट; येथे ऐकणेच किंचित महाग! सतत कान देऊन बसले तर बॅटरी काही दिवसांत संपते. म्हणून ही यंत्रे बहुतेक वेळ झोपतात आणि ठरल्या क्षणी जागी होतात. काहींनी याहून शहाणी युक्ती काढली आहे. सारे सुरळीत असेल तर दोन ठोक्यांमधले अंतर दुप्पट, मग चौपट करत जायचे; काही विसंगत ऐकू आले की पुन्हा भराभर बोलायचे.

तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत मनोवेधक वाटला. ठोका चुकला, तर किती चुकेपर्यंत थांबायचे? भाच्याने वहीत हिशेब मांडून दाखवला. चांगल्या दुव्यावरसुद्धा शंभरांतले वीस निरोप हरवतात असे धरा. एक चुकताच हाकाटी केली तर दिवसभर हाकाटीच चालेल. लागोपाठ तीन हरवण्याची शक्यता हजारात आठ. पण चोवीस यंत्रे दिवसाला तेवीसशे चार निरोप पाठवतात, म्हणजे रोज पंधरा-एक खोट्या हाका. मर्यादा पाचांवर नेली तर दोन दिवसांत एखादी. मात्र खरा बिघाड कळायला सव्वा तास लागणार. शिवाय हरवणे हे नाणेफेकीसारखे सुटे सुटे नसते. पाऊस आला, वाटेत ट्रॅक्टर उभा राहिला, की निरोप एकमेकांचा हात धरून हरवतात.

चौथा उपाय शेजाऱ्यांचा. सतरा क्रमांक आपल्याला ऐकू येत नाही, पण सोळा आणि अठराला येतो का? त्यांना येत असेल तर यंत्र जिवंत आहे, दुवा तुटला आहे. दुसरी वाट शोधा. कुणालाच ऐकू येत नसेल तर बहुधा यंत्रच गेले. २००५ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात याच धर्तीवर एक प्रणाली तयार झाली. अपेक्षित माहिती येईनाशी झाली की ती क्रमाने प्रश्न विचारत जाते : यंत्र बंद पडले, मध्येच पुन्हा सुरू झाले, त्याला शेजारी उरले नाहीत, की शेजारी आहेत पण पुढची वाट नाही? आमच्या शेतात दोन्ही प्रकार निघाले. कोपऱ्यातील चार यंत्रे अधूनमधून गप्प होत, कारण सोयाबीन वाढून त्यांच्या डोक्यावर गेले होते आणि पानांतले पाणी त्या जातीच्या लहरी शोषून घेते. काठ्या पाच फूट उंच केल्यावर ती पुन्हा बोलू लागली. सतरा क्रमांकाला मात्र कुणीच ऐकत नव्हते. उघडले तर डबीत पाणी.

पाण्यावरून आठवले. २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मेन राज्याजवळच्या ग्रेट डक आयलंड या बेटावर बर्कलीच्या संशोधकांनी अशी बत्तीस यंत्रे लावली. तेथे स्टॉर्म पेट्रेल नावाचे समुद्रपक्षी बिळांत घरटी करतात. माणसाच्या पायरवाने त्यांना त्रास होऊ नये म्हणून हा खटाटोप. पुढे नोंदी तपासताना दिसले की काही यंत्रे गप्प होण्याआधी आर्द्रतेचे अशक्य आकडे सांगू लागली होती, कारण डबीत पाणी शिरत होते. म्हणजे मुका होण्याआधी माणूस जसा असंबद्ध बोलतो, तसेच. ती असंबद्धता वेळीच ऐकली, तर गप्प होण्याआधीच दुखणे कळते. २००५ साली इक्वेडोरमधील रेव्हेन्तादोर या जागृत ज्वालामुखीवर सोळा यंत्रे एकोणीस दिवस होती. तेथे अंगावर राख झेलणारी यंत्रे बरीच टिकली. खोळंबा बहुतेक वेळा झाला तो खालच्या मुख्य ठाण्यावरची वीज गेल्यामुळे! नियंत्रण कक्षात बसून दूरच्या ठाण्याला दोष देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुवा कधी कधी आपल्या बाजूने तुटलेला असतो.

आणि कधी तो एकाच बाजूने तुटतो. आमच्या गेज रीडरला आम्ही ऐकू येत होतो. आम्हाला तो नव्हता. या क्षेत्रात याला असममित दुवा म्हणतात. २००३ साली एमआयटीच्या संशोधकांनी यावर एक साधे माप सुचवले. जाणारा निरोप शंभरात ऐंशी वेळा पोहोचतो आणि पोच शंभरात पन्नास वेळा परत येते. तर दोन्ही साधण्याची शक्यता शंभरात चाळीस, म्हणजे सरासरी अडीच वेळा प्रयत्न. दुव्याची किंमत एका बाजूने मोजायची नसते, जाऊन येऊन मोजायची असते. हे वाचताना आम्हाला आपल्या मंडळाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. होळकरांच्या, शिंद्यांच्या, गायकवाडांच्या काळापासून येथे राहिलेले आपण. मुंबई-पुण्याची नाटके, पुस्तके, दिवाळी अंक आपल्याला ऐकू येतात. आपले तिकडे कितपत ऐकू जाते? आमच्या आजोबांच्या हयातीत सातारकडच्या भाऊबंदांची पत्रे येत. नंतर ती थांबली. त्यांनी समजावे, इंदूरकरांना आता गरज नाही. आम्ही समजावे, त्यांना आठवण नाही. दोन्हीकडे निरंक लिहिले गेले. हाक कोणीच मारली नाही.

हे सारे शहाणपण शेतापुरते राहिले असते तर हा लेख लिहिला नसता. आमची ताई बडोद्याला दांडिया बाजारात जुन्या घरी एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. मुलाने कितीदा बोलावले, पण घर सोडायला तयार नाही. भाच्याने तिला एक सवय लावून दिली : रोज सकाळी पूजा आटोपली की आठच्या सुमारास आम्हाला एक मिस्ड कॉल. उचलायचा नाही, बोलायचे नाही. ताई हसून म्हणाली होती, “म्हणजे माझी घंटा देवाला आणि तुम्हाला एकदमच.”

२०२३ च्या डिसेंबरात एका सकाळी आठ वाजले, साडेआठ वाजले, फोन वाजला नाही. आम्ही लावला तर नुसतीच रिंग. भाचा म्हणाला, “मामा, ती फोन कुठेतरी विसरते. याआधी दोनदा झालंय.” त्याचे खोटे नव्हते. दोन्ही वेळा आम्ही उगाच सगळ्यांची झोप उडवली होती. पण आमच्या डोळ्यांपुढे ती नोंदवही आली. खालच्या मजल्यावरील शेजारीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “आजींचा रेडिओ चालू आहे, ऐकू येतोय. ठीकच असतील.” क्षणभर आम्हीही निश्चिंत झालो. मग ध्यानात आले की रेडिओ चालू असणे म्हणजे ताई बोलणे नव्हे. तो नुसता पुढे ओढलेला जुना आकडा असू शकतो. आम्ही त्यांना विनवले की वर जाऊन दाराशी पाहा. दुधाची पिशवी कडीला तशीच अडकवलेली होती. त्यांच्याकडे किल्ली होती. ताई न्हाणीघरात पडलेली सापडली. मांडीचे हाड खुब्याशी मोडलेले, शुद्धीवर, पण आवाज बाहेर जात नव्हता. ती पहाटे सहापासून तशी होती. आमचा फोन वाजत असलेला तिला ऐकू येत होता.

शस्त्रक्रिया झाली. आज ती वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते आणि अजूनही बडोदा सोडायला तयार नाही. रुग्णालयात भाचा आमच्याशेजारी बसून म्हणाला, “मामा, मी तीनची मर्यादा आईलाही लावत होतो. तिथे मी चुकलो. किती वेळ थांबायचं हे गणित ठरवत नाही; उशीर झाला तर काय जाईल, ते ठरवतं. ओलाव्याचा आकडा सव्वा तासाने आला तर माझं काय बिघडतं?” ताईने डोळे मिटूनच ऐकले आणि म्हणाली, “अरे, मिस्ड कॉल नाही आला म्हणजे मी मेले असं समजू नका. पण बरी आहे असंही समजू नका. विचारा.”

विचारा. यंत्रशास्त्राचे सारे ग्रंथ चाळून आम्हाला याहून वेगळे काही सापडले नाही. १९९० साली त्या वृद्ध शेतकऱ्याला आम्ही उत्तर दिले नव्हते, देण्यासारखे नव्हतेच. त्या पावसाळ्यानंतर मात्र आमच्या हाताखालच्या प्रत्येक नोंदवहीत एक नियम राहिला. जेथून शब्द आला नाही तेथे अप्राप्त लिहायचे, आणि लिहून झाले की ताबडतोब त्या ठाण्याला नाव घेऊन हाक मारायची. सहकारी कुरकुरत, बॅटऱ्या लवकर संपत, वरून स्मरणपत्रे येत. आम्ही नियम बदलला नाही.

वाचकहो, आपल्या प्रत्येक गावी जुन्या वाड्यांतून, मोठ्या घरांतून एकेकटी राहणारी वडीलधारी माणसे आता पुष्कळ आहेत. मुले दूर गेली आहेत. त्यांपैकी कोणी मंडळाच्या कार्यक्रमांना येईनासे झाले की आपण म्हणतो, वय झाले, जमत नसेल. ते निरंक आहे. मागील दोन बैठकांना जे आले नाहीत त्यांची नावे आम्ही या आठवड्यात काढली, सात निघाली. पाच जणांशी बोलणे झाले आहे, आणि एकांच्या शेजाऱ्यांकडून त्या मुलीकडे गेल्याचे कळले आहे. सातव्या नावापुढे आज अप्राप्त लिहिले आहे. उद्या सकाळी त्यांच्या घरी जाणार आहोत.